केमोनंतर तोंड आलंय? या चुका टाळा

केमोनंतर आठवडाभरात तोंड आलं की पुण्यातल्या घरात पहिलं निदान ठरलेलं असतं: "उष्णता झालीये." मग गुलकंद येतो, सब्जाचं पाणी येतं, शेजारच्या काकू वेलदोड्याची पूड पाठवतात आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो. पण या तोंडाचा उष्णतेशी काही संबंध नाही. आपल्या तोंडाचं आतलं अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, त्यात हे अस्तरही सापडतं. जुनं झिजतं आणि नवं वेळेत तयार होत नाही. म्हणूनच केमोच्या दिवशी काही जाणवत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जळजळ सुरू होते, आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबाईन, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन ही यातली नेहमीची नावं.

मनाने बी-कॉम्प्लेक्स सुरू करणं

ही चूक साधी वाटते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. अनेक बी-कॉम्प्लेक्स गोळ्यांमध्ये फॉलिक ॲसिड असतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये फाइव्ह-एफयूचा जोर वाढवायला डॉक्टर स्वतःच सोबत ल्युकोव्होरिन देतात, आणि ते फॉलिक ॲसिडचंच भावंड आहे. म्हणजे फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबाईन चालू असताना वरून फॉलिक ॲसिड घेतलं तर औषधाचा त्रासही वाढू शकतो. ज्या तोंडासाठी गोळी घेतली, तेच जास्त सोलून निघायचं. उलट पेमेट्रेक्सेड हे केमोचं दुसरं औषध देताना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मुद्दाम सुरू करतात, आणि ते बंद करणं चूक ठरतं. त्यामुळे "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून काही सुरू करू नका आणि काही थांबवूही नका. गोळीची पट्टी जिथे केमो घेता त्या डे-केअरमध्ये नेऊन दाखवा.

कॅपेसिटाबाईन त्रास सोसत चालू ठेवणं

सलाइनमधून दिलेलं औषध परत काढता येत नाही, पण ही गोळी घरी असते आणि थांबवता येते. "कोर्स अर्धवट नको" म्हणून जेवण बंद पडलं तरी लोक ती घेत राहतात. फोड आल्याने खाणं-पिणं अवघड झालं, किंवा सोबत जोराचे जुलाब सुरू झाले, तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी गोळी थांबवायला सांगतातच. चुकलेले डोस नंतर दुप्पट करून भरायचे नसतात. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांना पहिल्याच सायकलमध्ये, म्हणजे केमोच्या पहिल्याच फेरीत, लवकर आणि भयंकर त्रास होतो, आणि तिथे एक-दोन दिवसांची टाळाटाळसुद्धा महागात पडते.

झोंबेल तेच लागू पडेल, हा समज

तुरटी, काथ, टाकणखार-ग्लिसरीन, हळद-मीठ चोळणं, आणि जाहिरातीतला झणझणीत माउथवॉश. अल्कोहोल असलेला माउथवॉश कोरड्या, सोललेल्या तोंडाला आणखी सोलतो. क्लोरहेक्सिडीन हा जंतुनाशक माउथवॉशही डॉक्टरांनी किंवा दंतवैद्यांनी सांगितलं नसेल तर आणू नका.

खरा उपाय इतका साधा आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. धुण्याचा सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, इनोही नाही. दर जेवणानंतर, झोपताना आणि मध्ये दोन-तीन तासांनी या पाण्याने चूळ भरायची आणि थुंकायची. पाणी रोज ताजं करा. यात जादू काही नाही. तोंड स्वच्छ आणि ओलं राहतं, चिकट थर सुटतो आणि अस्तराला भरून यायला उसंत मिळते. दिवसातून एकदा चूळ भरून "फरक नाही" म्हणणारे फार भेटतात.

दुखतं म्हणून ब्रश सोडून देणं ही त्याचीच जोडचूक. एकदम मऊ ब्रश घ्या, वापरण्याआधी तो कोमट पाण्यात बुडवा. तोही सोसत नसेल तर ओल्या गॉजने दात पुसा. कवळी फक्त जेवताना लावा, तीही टोचत असेल तर तेव्हाही नको.

आणि मशेरी. सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडून उपचारासाठी पुण्यात लेकीकडे किंवा भावाकडे येऊन राहिलेल्या कितीतरी बायका दोन वेळा मशेरी लावतात. डॉक्टर "तंबाखू खाता का?" विचारतात, त्या "नाही" म्हणतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. सोललेल्या हिरडीवर ती घासली तर मीठ-सोड्याच्या चुळा वाया जातात. घरच्यांनी हे न रागावता, पण स्पष्ट विचारावं.

पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवणं

मऊ गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, मुगाची पातळ खिचडी, दुधात पूर्ण भिजलेली भाकरी, नाचणीची खीर, नीट उकडलेलं अंडं कुस्करून. सगळं कोमट किंवा गार. लिंबू, आवळा, कोकम, टोमॅटोचं सार, मिसळीचा कट, चिवडा, टोस्ट थोडे दिवस लांब. "ताकद येते" म्हणून बागेबाहेरचा गव्हांकुराचा रस किंवा रसवंतीतला उसाचा रस आणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचा कच्चा रस आणि बर्फ म्हणजे जंतूंना आमंत्रण.

गिळताना फार दुखत असेल तर डॉक्टर लिडोकेनचं जेल किंवा द्रावण देतात. ते लावून लगेच गरम चहा पिऊ नका. जीभ बधिर असल्याने भाजल्याचं किंवा गाल चावल्याचं कळत नाही, ठसकाही लागू शकतो.

बर्फ सगळ्यांना चालतो असं मानणं

फाइव्ह-एफयूचं झटपट इंजेक्शन देताना पाच मिनिटं आधीपासून एकूण अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी पोहोचतं. याचा चांगला उपयोग होतो. पण त्याच दिवशी ऑक्झालीप्लॅटिन हे केमोचं औषधही असेल तर गार वस्तूने घसा-ओठांना मुंग्या आणि आवळल्यासारखं होतं, तिथे बर्फ नको. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट चघळतोय म्हणून आपणही मागवू नये. आधी नर्सला विचारावं.

पांढरा थर आणि ताप अंगावर काढणं

जिभेवर, गालात दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ती मीठ-सोड्याने जात नाही, त्याला वेगळं औषध लागतं.

तापाचं मात्र आणखी निकडीचं. तोंड सर्वात वाईट असतं साधारण त्याच दिवसांत पांढऱ्या पेशीही तळाला गेलेल्या असतात, आणि उघड्या जखमांमधून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा जास्त ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. ताप दबतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. अंगदुखीची आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनसारखी गोळीही मनाने नको, प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव होतो. रात्री दोन वाजताही कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच सांगा: "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आहे." फाइल सोबत असू द्या, म्हणजे रिक्षातून उतरल्यावर औषधांची नावं आठवत बसावं लागणार नाही. ताप नसला, तरी पाणीही गिळता येत नसेल किंवा तोंडातून रक्त थांबत नसेल, तर तेवढंच तातडीने जावं.

पुढच्या सायकलला गेल्यावर "आता बरं आहे" एवढंच बोलून खुर्चीवर बसू नका. कितव्या दिवशी तोंड आलं, किती दिवस फक्त पातळ खाल्लं, वजन किती उतरलं, हे सांगा. जमल्यास त्या दिवसांत काढलेला तोंडाचा फोटो दाखवा. तोपर्यंत फोड भरून आलेले असतात, आणि डोस कमी करायचा की तारीख पुढे ढकलायची, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.