विमानतळावर पक्षी हाकलताना या चुका टाळा

विमानतळावरील पक्षी आणि प्राणी यांच्यामुळे विमानांना होणारा धोका कमी करण्याच्या कामावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवीन माणसे येतात, आणि जुलै संपेपर्यंत त्यांतील बहुतेक जण मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेल्या त्याच चुका करू लागतात. प्रशिक्षणात हे सारे सांगितलेले असते, त्यामुळे अज्ञान हे कारण मला पटत नाही. खरे कारण घाई हे आहे. गाडीवर भोंगा, हातात फटाक्यांची पिशवी आणि समोर थवा असला की काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. पक्षी विमानाला धडकण्याच्या बहुसंख्य घटना उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी, म्हणजे आपल्या हद्दीत किंवा तिच्या आसपास, घडतात आणि आपल्याकडे त्यांचा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून जून लागण्यापूर्वीच हे लिहून ठेवत आहे.

थवा चुकीच्या बाजूने उठवणे

माझ्या दृष्टीने ही सर्वांत धोकादायक चूक आहे. गवतात चरणारा थवा हा धोका आहेच. पण तो कुठे आहे हे आपल्याला आणि टॉवरला, म्हणजे विमानांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या कक्षाला, ठाऊक असते. विमान टेकायला थोडाच वेळ उरलेला असताना हवेत उठवलेला थवा कोठे जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या पाळीत एक नवीन मुलगा होता, हुशार आणि चपळ. ऑगस्टमधील सकाळ होती. रात्रभर पाऊस पडून गेल्यामुळे गांडुळे आणि किडे वर आले होते आणि धावपट्टीच्या कडेच्या गवतात गायबगळ्यांचा मोठा थवा उतरला होता. हा मुलगा कुंपणालगतच्या पेरिमीटर रोडने येत होता, म्हणजे बगळे त्याच्या आणि धावपट्टीच्या मध्ये होते. टॉवरशी बोलले तर थांबायला सांगतील, या विचाराने त्याने वॉकीटॉकीला हात न लावता तेथूनच भोंगा सुरू केला आणि पाठोपाठ दोन फटाके उडवले. पक्षी आवाजापासून दूर पळतो, ही गोष्ट शेतातल्या बुजगावण्याजवळ उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण त्या क्षणी ती त्याला आठवली नाही. सगळा थवा उठून सरळ धावपट्टीवर गेला. त्या वेळी एक विमान फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, होते. वैमानिकाने पांढरा पट्टा वेळीच पाहिला आणि गो-अराउंड केला, म्हणजे न टेकता विमान पुन्हा वर नेले, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. बगळ्यांनी दोन घिरट्या घेतल्या आणि ते पुन्हा त्याच गवतात येऊन बसले.

नंतर त्याने मला विचारले, “बसू दिले असते आणि ते आपणहून उडाले असते तर?” हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतो. त्याचे उत्तर असे की तशा वेळी थव्याची जागा, अंदाजे संख्या आणि जमल्यास जात टॉवरला कळवावी. वैमानिकाला सावध करायचे, उतरणे लांबवायचे की आपल्याला आत सोडायचे, हे कंट्रोलर ठरवतो, कारण आकाशात कोण कोठे आहे हे त्याला दिसते आणि आपल्याला दिसत नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. थवा दिसला की मी प्रथम गाडी थांबवतो, काच खाली करतो आणि विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, पाहतो, कारण पक्षी सहसा वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून उठतात. मग टॉवरकडून वाहतुकीत मोकळी वेळ मागून घेतो आणि परवानगी मिळाल्यावर धावपट्टी माझ्या पाठीशी व पक्षी माझ्यासमोर राहतील अशा बाजूने गाडी आणतो. पहिली पाळी नुसत्या गाडीची, नंतर भोंग्याची, आणि फटाका अगदी शेवटी. थवा हवेत असताना मी कधीही परत फिरत नाही. तो भिंतीपलीकडे जाऊन दुसरीकडे उतरेपर्यंत, किंवा निदान परत वळण्याचा त्याचा विचार मोडेपर्यंत, मी तेथेच उभा राहतो. नव्या मुलांना हे उभे राहणे वेळ घालवल्यासारखे वाटते.

टिटवीला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. उन्हाळ्यापासून ती खडीच्या उघड्या पट्ट्यावर, साध्या खळग्यात अंडी घालते, आणि एकदा अंडी घातली की तिला कितीही हाकला, ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालून तेथेच परतते. हाकलण्याच्या प्रत्येक प्रयत्नात आपणच तिला धावपट्टीवरून फिरवत असतो. अंडी परस्पर उचलण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ विमानतळाच्या भिंतीपाशी थांबत नाही, त्यामुळे असे प्रकरण वन विभागाच्या परवानगीनेच हाताळावे लागते. म्हणून मार्चपासूनच खडीचे पट्टे पायी फिरून पाहावेत आणि जोडी जागा निवडत असतानाच तिला तेथे स्वस्थता मिळू देऊ नये.

पक्षी का आले हे न पाहता फटाके उडवत राहणे

फटाका आणि गॅसवर चालणारी झोन गन ही साधने उपयोगी आहेत, पण ती वेळ मिळवून देतात, इतकेच. पक्षी अन्न, पाणी, विसावा किंवा घरटे यांपैकी कशासाठी तरी आलेला असतो आणि ते कारण जागेवर असेपर्यंत तो परत येतो. ठरावीक अंतराने वाजणारी झोन गन एकाच जागी ठेवली तर पक्ष्यांना ती थोड्याच दिवसांत पाठ होते. तिच्यापासून हाताच्या अंतरावर निवांत बसलेल्या साळुंक्या मी पाहिल्या आहेत.

एका मोसमात धावपट्टीच्या एका टोकाला रोज सकाळी दहाच्या सुमारास घारी जमू लागल्या. ऊन तापून गरम हवा वर चढू लागली की घारी गोल फिरत उंच जातात, हे खरे. पण त्या याच टोकाला का, हे कोणी विचारत नव्हते. प्रत्येक पाळी फटाके उडवत होती, नोंदवहीत ‘घारी पळवल्या’ असे लिहीत होती आणि दुसऱ्या दिवशी घारी हजर होत होत्या. फटाक्यांचा साठा संपत आला तेव्हा भांडाराकडून विचारणा झाली आणि मगच कोणीतरी दुर्बीण उचलली. वर घिरट्या घालणाऱ्या घारींकडे पाहून काही कळत नाही. खालून, एका रेषेत येणाऱ्या घारींकडे पाहावे लागते. त्यांतील काहींच्या पायांत काहीतरी लोंबत होते. ती रेषा उलट दिशेने धरत आम्ही भिंतीबाहेर गेलो, तेव्हा एका नाल्याच्या काठावर कोंबडीच्या दुकानांतून आलेल्या आतड्यांच्या आणि पिसांच्या गोण्या रिकाम्या झालेल्या आढळल्या. दुकाने सकाळी साफ होत आणि गोण्या दहापूर्वी नाल्यावर पोहोचत.

विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (विमानतळाचे अधिकृत स्थान दाखवणाऱ्या बिंदूपासून) दहा किलोमीटरच्या परिघात जनावरे कापणे व सोलणे, तसेच पक्षी-प्राणी आकर्षित होतील असा कचरा आणि मांस-मासळीच्या दुकानांतील घाण टाकणे यांवर बंदी आहे. तथापि, नियमाचा क्रमांक दुकानदाराच्या तोंडावर फेकून काही साधत नाही. आम्ही तारीख-वेळेसह छायाचित्रे आणि घारींच्या रोजच्या नोंदी विमानतळाच्या पर्यावरण समितीपुढे ठेवल्या. या समितीत स्थानिक प्रशासनाची माणसे बसतात. पुढे तेथे बंद कंटेनर आला आणि गोण्या सकाळीच उचलल्या जाऊ लागल्या. याला वेळ लागला, आणि मधल्या काळात फटाके उडवावेच लागले. नंतर घारी पूर्णपणे गेल्या असे नाही, पण त्या टोकावरचा दहाचा मेळावा मोडला.

ही तपासणी आतही करावी. तुंबलेले गटार, एप्रनजवळचा (विमाने उभी करण्याच्या जागेजवळचा) उघडा कचऱ्याचा डबा, हँगरच्या तुळयांवर बसणारे पारवे आणि त्यांना डब्यातली पोळी घालणारे आपलेच सहकारी, ही यादी प्रत्येक विमानतळावर जवळपास सारखीच असते. रात्री धावपट्टीवर गव्हाणी घुबड दिसत असेल तर घुबडामागे धावू नका; गवतातील उंदीर आणि घुशींची बिळे शोधा.

गवताची उंची दुसऱ्याची नक्कल करून ठरवणे

ब्रिटनमध्ये विमानतळांवरील गवत साधारण १५ ते २० सेंटिमीटर ठेवण्याची पद्धत आहे, कारण तेथील कुरव आणि मैनांच्या जातीच्या पक्ष्यांना उंच गवतात भक्ष्य दिसत नाही आणि धोकाही दिसत नाही. हा आकडा वाचून आलेला प्रत्येक नवीन पदवीधर तो आपल्याकडे लावू पाहतो. आपल्या पावसात गवत गुडघ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि त्यात उंदीर, ससे, किडे, पर्यायाने साप आणि शिकारी पक्षी सुखाने राहतात. उलट अगदी तासून काढलेली जमीन टिटवीला आवडते. आपल्या विमानतळावर त्रास कोणाचा आहे हे नोंदवहीवरून पाहा आणि मग उंची ठरवा.

कापणीची वेळ हा याहून मोठा घोळ आहे. भर दिवसा, उड्डाणे चालू असताना ट्रॅक्टर फिरवला की उघडे पडलेले किडे टिपायला बगळे, साळुंक्या आणि कोतवाल त्याच्या मागोमाग येतात. कापणी रात्री किंवा उड्डाणे नसलेल्या वेळी करावी, कापलेले गवत तेथे कुजत ठेवू नये आणि पुढील दोन-तीन सकाळी त्या पट्ट्यावर जादा फेऱ्या ठेवाव्यात.

अवशेष फेकून देणे आणि नोंदीत नुसते ‘पक्षी’ लिहिणे

धावपट्टीवर मेलेला पक्षी सापडला की तो उचलून कचऱ्यात टाकणे आणि ‘पक्षी आढळला, हटवला’ असे लिहिणे, याला मी काम म्हणत नाही. दुसरे कारण स्पष्ट नसेल तर असा पक्षी विमानाला धडकूनच मेला असे धरून नोंद करायची असते. घार सुमारे पाऊण किलोची आणि थव्याबरोबर आकाशात चढणारी, टिटवी त्याहून कितीतरी हलकी आणि जमिनीलगत फिरणारी. दोघींचा उपाय एक कसा असेल? ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनहून उडालेले इलेक्ट्रा विमान कोसळून ६२ माणसे गेली, तेव्हा अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेतील रॉक्सी लेबोर्न यांनी पिसांच्या तुकड्यांवरून ते पक्षी स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातले, असल्याचे ओळखले. एवढा लहान पक्षीही थव्याने इंजिनांत शिरला तर काय होते, हे त्यातून जगाला कळले.

त्यामुळे पीस मिळाले तर ते अख्खे, कागदी पाकिटात, कोरडे ठेवा. बुडाशी असलेला मऊ, लवीसारखा भाग घाण वाटतो म्हणून कापू नका, कारण ओळख पटवण्यासाठी तोच सर्वांत उपयोगाचा असतो. चिकटपट्टी लावू नका, त्याने लव जाते. इंजिनवर किंवा पंखावर नुसता डाग असेल तर तो स्वच्छ कागदावर पुसून घ्या आणि वाळवा. ब्लीचने पुसला तर डीएनए गेला. पाकिटावर तारीख, वेळ, धावपट्टी आणि विमानाचा क्रमांक लिहा. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्याचा कंटाळा करणारी माणसेच पुढे बैठकीत ‘आपल्याकडे नेमका कोणता पक्षी धडकतो’ अशी चर्चा तासभर करतात.

आणखी एक. धावपट्टीवर काही सापडले नाही म्हणजे काही घडले नाही, असे समजू नका. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईला उतरत असलेल्या विमानाला रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा धडकला. तीसहून अधिक पक्षी घाटकोपरच्या वस्तीत मरून पडले आणि विमान सुखरूप उतरले. अशा घटना विमान तपासणाऱ्या इंजिनियरला विचारल्याशिवाय कळत नाहीत.

एका ओळीच्या चुका

फक्त पक्ष्यांकडे पाहणे: ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरतला उड्डाणासाठी धावणाऱ्या बोइंग ७३७ ला म्हैस धडकली होती, आणि २०२५ मध्ये पुणे विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला, भिंतीखालची भगदाडे आणि नाल्यांच्या जाळ्या रोज पाहा.

एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या गवतात फटाका उडवणे: पक्षी जातो, आग राहते.

फटाक्याची टरफले धावपट्टीजवळ सोडणे: तीही इंजिनात जाऊ शकतात.

लेझर वर करणे: तो पहाटे आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात उपयोगी आहे, पण त्याची रेघ टॉवरकडे किंवा विमानाकडे कधीही जाता कामा नये.

वॉकीटॉकी बंद पडल्यावर अंदाजाने पुढे जाणे: टॉवरकडे पाहा, लाल दिवा उघडझाप करत असेल तर धावपट्टी किंवा टॅक्सीवे (विमानांचा धावपट्टीकडे ये-जा करण्याचा रस्ता) सोडून बाहेर या आणि विमानांवर नजर ठेवा.

परवानगी ऐकून ती परत न म्हणणे: कंट्रोलरने ‘थांबा’ म्हटले होते की ‘या’, याचा घोळ याच जागी होतो.

कानात इअरप्लग न घालता फटाके उडवणे: याला मर्दानगी समजणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि आता त्यांच्याशी मोठ्याने बोलावे लागते.

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी नेहमीच्याच फेऱ्या ठेवणे: त्या दिवशी वाळवीचे पंख फुटलेले किडे जमिनीतून बाहेर पडतात आणि घारी, कोतवाल, भिंगऱ्या ते हवेतच टिपतात, टॉवरला अगोदर कळवा आणि रात्रपाळीला एक माणूस जास्त मागून घ्या.

मागच्या पाळीला न विचारता गाडी सुरू करणे: वहीत लिहिलेले असले तरी समोरासमोर विचारा, कारण ‘त्या कोपऱ्यात एक कुत्री व्यालेली दिसते’ ही गोष्ट वहीत कोणी लिहीत नाही.