पेले की मेस्सी, क्लफ की अँचेलोटी? दोन काळांतले फुटबॉलवाले तोलताना या चुका टाळा

विश्वचषकाच्या वर्षी कोल्हापुरात पेठापेठांतून लागलेले कटआउट ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा वाद नवा नाही. एका गल्लीत ब्राझीलचा पिवळा रंग, पलीकडच्या गल्लीत अर्जेंटिनाचा निळा-पांढरा, आणि कट्ट्यावर रात्री अकरानंतर एकच विषय. एक जण म्हणतो, "पेलेनं हजारावर गोल केलेत, विषय संपला." दुसरा मोबाइल काढून मेस्सीचे २०१२ या एका वर्षातले ९१ गोल दाखवतो. तिथून पुढे कुणीच कुणाचं ऐकत नाही. मीही या भांडणात वर्षानुवर्षं घसा कोरडा केलाय, आणि खाली ज्या चुका सांगतोय त्यांतल्या बहुतेक स्वतः करून झाल्यात.

आता मला एकच कसोटी पटते. तो माणूस त्याच्याच काळातल्या, त्याच नियमांत आणि तसल्याच चिखलात खेळणाऱ्या इतरांच्या किती पुढे होता? बाकीचं सगळं त्यानंतर.

गोलांचा आकडा एकटाच पुढे करणं

इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीननं १९२७-२८ च्या हंगामात लीगमध्ये ६० गोल केले. मँचेस्टर सिटीच्या हालांडनं २०२२-२३ मध्ये ३६ केले आणि प्रीमियर लीगचा विक्रम मोडला. मग डीन जवळजवळ दुप्पट मोठा? इथं थांबून १९२५ साली काय झालं ते बघायचं. तोपर्यंत ऑफसाइड (पास मिळताना प्रतिस्पर्ध्यांच्या फार पुढे उभं राहण्याची चूक) टाळायला पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन जण असावे लागत. त्या वर्षी ते दोनवर आणले. बचावफळीला काही सुचेना. इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, १९२४-२५ ला ११९२ गोल झाले होते, पुढच्याच हंगामात १७०३. सामने तेवढेच, ४६२. म्हणजे एका सामन्यामागे अडीचच्या किंचित वर असलेली सरासरी एकदम पावणेचारच्या आसपास गेली. डीनच्या आदल्याच हंगामात मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलनं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ५९ गोल केले होते; त्याचं नाव कट्ट्यावर कुणाच्या तोंडी असतं? डीन थोर होताच, पण त्याचे ६० हे त्या पाच-सहा वर्षांच्या गोंधळातले ६० आहेत.

आता उलट टोक. माराडोना १९८७-८८ मध्ये इटलीच्या सेरी आ मधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. किती गोल? १५. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला की ती हसतात. आदल्या वर्षी मिलानचा विर्डिस १७ गोलांवर पहिला आला होता. लीगमध्ये १६ संघ, सामने ३०. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, त्यामुळे परक्या मैदानावर ०-० करून येणं हा चांगला धंदा होता. बचावपटूच्या रेषेत उभं राहिलं तरी ऑफसाइड. 'रेषेत असेल तर चालेल' हे १९९० मध्ये आलं. आणि सगळ्यांत वैताग म्हणजे बॅकपास. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: संघ १-० नं पुढे, वीस मिनिटं शिल्लक. फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, चेंडू गोलकीपरकडे ढकलतो. गोलकीपर तो हातात उचलतो, दोन-चारदा आपटतो, पुन्हा फुलबॅककडे घरंगळत सोडतो. विरोधी खेळाडू धावत आला की फुलबॅक परत मागे देतो, गोलकीपर परत उचलतो. हे कायदेशीर होतं. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत जेमतेम ११५ गोल झाले, तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली आणि १९९२ मध्ये सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायला बंदी झाली.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण सोबत त्या हंगामातला दुसऱ्या क्रमांकाचा आकडा ठेवून. गेर्ड म्युलर, १९७१-७२, जर्मनीच्या बुंडेसलिगा या लीगमध्ये ४० गोल. लेवांडोव्स्की, २०२०-२१, तीच लीग, तितक्याच ३४ फेऱ्या, ४१ गोल. नुसतं बघितलं तर लेवांडोव्स्की एकनं पुढे. पण म्युलरच्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरचा आकडा होता २२, आणि लेवांडोव्स्कीच्या वर्षी आंद्रे सिल्व्हाचे २८. म्हणजे म्युलर बाकीच्यांच्या १८ नं पुढे, लेवांडोव्स्की १३ नं. लगेच लेवांडोव्स्कीचा समर्थक म्हणेल की तो २९ सामनेच खेळला, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण आता निदान भांडण योग्य जागी चाललंय.

पेलेच्या हजारावरच्या आकड्यात मैत्रीपूर्ण सामने आणि दौऱ्यांवरचे सामने धरलेत, हे खरंच. मात्र तेवढ्यावरून तो सगळा फुगा समजू नका. सांतोस क्लब जगभर दौरे करून पैसे कमवायचा आणि त्या दौऱ्यांत युरोपातले तगडे क्लबही समोर असायचे. ते गोल वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे झालं. ब्राझीलसाठी ९२ सामन्यांत ७७ गोल, यात कुणाला काही वजा करता येत नाही.

ट्रॉफ्या मोजून प्रशिक्षक ठरवणं

ही माझी आवडती चूक, कारण मी ती सगळ्यांत उशिरा सोडली. बॉब पेझलीनं लिव्हरपूलला युरोपियन कप तीनदा जिंकून दिला: १९७७, १९७८, १९८१. कार्लो अँचेलोटीनं चॅम्पियन्स लीग (तीच स्पर्धा, नंतरच्या नावानं) पाचदा जिंकली: मिलानसोबत २००३ आणि २००७, रिअल माद्रिदसोबत २०१४, २०२२ आणि २०२४. पाच मोठे की तीन, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल.

पण पेझलीच्या वेळी त्या स्पर्धेत जायचं तर आपल्या देशाची लीग जिंकलेली असावी लागे, किंवा आदल्या वर्षीचा युरोपियन कप तुमच्याकडे असावा लागे. तिसरा दरवाजा नव्हता. उपविजेत्यांना आत घेणं सुरू झालं १९९७-९८ पासून. आता अँचेलोटीचे पाचही कप एकेक करून बघा. २००३ चा कप जिंकणारं मिलान आदल्या हंगामात इटलीत चौथं होतं. २००७ च्या वेळी गुण कापले गेल्यानं तिसरं. २०१४, २०२२ आणि २०२४, तिन्ही वेळा रिअल माद्रिद आदल्या हंगामात स्पेनमध्ये दुसरं. आदल्या वर्षीचा कपही यांतल्या एकदाही त्यांच्याकडे नव्हता. जुन्या नियमात या पाचांपैकी एकाही वर्षी अँचेलोटीचा संघ स्पर्धेत नसता! पहिल्यांदा हे जुळवलं तेव्हा मी कागद दोनदा तपासला.

आणखी एक गंमत. सप्टेंबर २०२१ मध्ये मोल्डोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलनं रिअल माद्रिदला त्यांच्याच घरी २-१ नं हरवलं. गटसाखळी होती, त्यामुळे रिअल सावरलं आणि पुढच्या मे महिन्यात कप उचलला. १९७८ च्या शरद ऋतूत सलग दोनदा युरोप जिंकलेल्या पेझलीच्या लिव्हरपूलची पहिल्याच फेरीत गाठ पडली नॉटिंगहॅम फॉरेस्टशी. तेव्हा गटसाखळी नव्हती, हरलं की बाहेर. फॉरेस्टनं २-० नं जिंकला, दुसरा ०-०. दोन सामने, आणि वर्षभराची युरोपवारी संपली.

एवढं ऐकून कुणी अँचेलोटीला खाली ओढायला निघेल, तर दुसरी बाजूही ऐका. २०२२ मध्ये त्यानं ओळीनं पॅरिस सेंट-जर्मेन, चेल्सी, मँचेस्टर सिटी आणि अंतिम सामन्यात लिव्हरपूल यांना हरवलं. १९७७ मध्ये पेझलीच्या वाटेत क्रुसेडर्स, ट्राबझोनस्पोर आणि झ्युरिकसारखे संघ होते. अँचेलोटीची वाट लांब आणि चढाची, पण तीत पाय घसरला तर उठायला जागा होती. पेझलीची वाट छोटी, आणि एक पाय चुकला की खाली. कुणाचं काम अवघड? माझं मत पेझलीकडे झुकतं, कारण त्यानं नऊ हंगामांत सहा लीगही जिंकल्या. पण ते मत आहे, गणित नाही.

फॉरेस्टचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या प्रशिक्षकाबद्दल, ब्रायन क्लफबद्दल. १९७७ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तिसरा येऊन वर चढलेला संघ, १९७८ ला थेट लीग विजेता, १९७९ आणि १९८० ला युरोपियन कप. या कामगिरीच्या जवळ जाणारं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. फक्त गोष्ट सांगताना लोक दोन गोष्टी गाळतात. एक, पैसा. फॉरेस्टनं गोलकीपर पीटर शिल्टन घेतला, मग फेब्रुवारी १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसला दहा लाख पौंड मोजले, आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याच फ्रान्सिसच्या डोक्यानं झाला. दोन, क्लफचा सहायक पीटर टेलर. खेळाडू हेरायचा टेलर, घडवायचा क्लफ. टेलर १९८२ मध्ये बाजूला झाल्यावर क्लफनं लीग कप जिंकले, पण लीग किंवा युरोपियन कप पुन्हा नाही. आजच्या प्रशिक्षकाशी क्लफची तुलना करताना लोक क्लफला एकटा उभा करतात आणि आजच्यावर मात्र 'याच्यामागे तर अख्खी फौज आहे' म्हणून नाक मुरडतात.

ज्यांच्या नावावर कप थोडे पण खेळ बदलल्याची खूण मोठी, त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवा. इटालियन प्रशिक्षक सॅकीनं मिलानमध्ये एकच लीग जिंकली. प्रशिक्षक सेबेशच्या हंगेरीनं १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ नं धुतलं, पण १९५४ च्या विश्वचषकाची फायनल गमावली.

बॅलन डी'ओर मोजणं

'पेलेला एकदाही मिळाला नाही, माराडोनालाही नाही' हे टाळीचं वाक्य. १९९४ पर्यंत वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा हा पुरस्कार फक्त युरोपियन खेळाडूंसाठी होता. अर्जेंटिनात जन्मलेल्या डी स्टेफानोला दोनदा मिळाला तो स्पेनचं नागरिकत्व घेतल्यामुळे. पुढे चला.

जुन्या खेळाडूला तसाच उचलून आजच्या मैदानात सोडणं

'आजच्या वेगात गारिंचा (पेलेचा ब्राझील संघातला सहकारी) टिकला नसता.' त्याला आजचे बूट, आजचा फिजिओ, आजचं गवत, आजचं पंचाचं पिवळं कार्ड काहीच द्यायचं नाही, फक्त आजचा वेग समोर ठेवायचा. हा कुठला न्याय? मग मेस्सीलाही १९८३ च्या स्पेनमध्ये सोडा. तिथं गोइकोएत्शेया या बचावपटूनं मागून येऊन माराडोनाचा घोटा मोडला होता. कार्ड १९७० च्या विश्वचषकापासून आली खरी, पण मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल दाखवायची सक्त ताकीद १९९८ मध्ये मिळाली.

याचीच जुळी बहीण म्हणजे व्हिडिओवरून निकाल. पेलेला आपण तीन मिनिटांत पाहतो, सगळी मलई. मेस्सीला आपण नव्वद मिनिटं पाहिलंय, चालताना, पेनल्टी वाया घालवताना, हिरमुसताना. ज्याला खरंच तुलना करायची आहे त्यानं १९७० ची ब्राझील-इटली फायनल पूर्ण बघावी. पहिली वीस मिनिटं झोप येईल. मग कळतं की मेक्सिकोच्या उंचीवर, युरोपातल्या टीव्हीसाठी ऐन दुपारी बाराला सुरू केलेल्या सामन्यात कुणी उगाच धावत नाही. तेव्हा चौथ्या गोलाच्या आधी पेले चेंडू घेऊन क्षणभर थांबतो आणि न बघता कार्लोस आल्बेर्तोसाठी उजवीकडे ढकलतो, त्या थांबण्याची किंमत समजते.

(माझा पक्षपातही सांगून ठेवतो. १९८६ मध्ये दूरदर्शनवर इंग्लंडविरुद्धचा सामना रात्री साडेअकराला सुरू झाला आणि माराडोनाचा तो दुसरा गोल मी शेजाऱ्यांच्या ओसरीवर पाहिला. त्या माणसाबद्दल माझं मत धरू नका.)

आपल्याकडचा घोळ

'१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा, आणि आज बघा.' हे वाक्य ऐकलं की छाती फुगते, पण ती स्पर्धा उघडून बघा. पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतल्यानं भारत न खेळता पुढे गेला. ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं हॅटट्रिक केली, ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली. मग युगोस्लाव्हियाकडून ४-१ आणि बल्गेरियाकडून ३-० अशी हार. म्हणजे खेळलेले सामने तीन, विजय एक. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचं मोठेपण मोजायला मला १९६२ ची जकार्ता जास्त पटते. तिथं फायनलमध्ये दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून एशियाडचं सुवर्ण आणलं, आणि तेव्हा त्यांना कॅन्सरनं पोखरलं होतं. पुढच्या वर्षी ते गेले.

उलट दिशेची चूकही तितकीच चालते. सुनील छेत्रीचे भारतासाठी नव्वदच्या वर आंतरराष्ट्रीय गोल, मग चुनी गोस्वामी किंवा पी. के. बॅनर्जी त्याच्या पासंगालाही नाहीत. छेत्री चाळिशी ओलांडल्यावरही खेळला. चुनी गोस्वामींनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं १९६४ मध्ये, सत्ताविशीच्या आतबाहेर, आणि त्या काळी भारताच्या वाट्याला वर्षाकाठी सामने येत ते बोटांवर मोजण्याइतके. त्यानंतरही गोस्वामींना वेळ उरला होता. १९७१-७२ च्या रणजी फायनलमध्ये मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर बंगालचं कर्णधारपद त्यांच्याकडेच होतं.