पेठेतला रस्ता नवीन करताय? आमच्या गल्लीत झालेल्या या चुका टाळा

आमचं भांड्यांचं दुकान आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, भर पेठेत. गावाचं नाव लिहीत नाही कारण कुणावर खापर फोडायचं नाहीये. आमचा रस्ता नवीन झाला, काँक्रीट पडलं, दोन्ही बाजूंना पेव्हर, मधे डिव्हायडर, शोभेचे खांब, आणि पुढची दोन लग्नसराया आम्ही काउंटरवर बसून नुसतं रस्त्याकडं बघत काढल्या. आता आजूबाजूच्या गावांत तीच कामं निघताहेत आणि ओळखीचे व्यापारी फोन करून विचारतात, तुमच्याकडं नक्की काय चुकलं सांगा की. दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय.

रस्ता रुंद झाला की धंदा वाढतो, हे आधी डोक्यातून काढा

आमच्या सगळ्यांच्या मनात हेच होतं. खरं सांगायचं तर मीटिंगमध्ये सगळ्यात जोरात मीच बोललो होतो की रस्ता मोकळा करा, गाड्या अडकतात म्हणून गिऱ्हाईक येत नाही. रस्ता मोकळा झाला आणि गाड्या सुसाट जायला लागल्या, पण थांबायचं कोण? जो माणूस चाळीसच्या स्पीडनं जातोय त्याला आमच्या दारात टांगलेली घागर दिसतच नाही. पेठेचा धंदा चालतो तो रमतगमत जाणाऱ्यावर, एका दुकानातून निघून समोरच्या दुकानात शिरणाऱ्यावर.

आणि तो डिव्हायडर! बेळगावात गणपत गल्ली, मारुती गल्लीत कधी शनिवारी फिरून बघा, माणूस नागमोडी चालतो, इकडं बांगड्या बघितल्या की तिकडं कापड, परत इकडं पूजेचं सामान. आमच्या गल्लीतही तसंच होतं. डिव्हायडर आला आणि गल्लीच्या दोन गल्ल्या झाल्या, साड्यांच्या दुकानातून बाहेर पडलेली बाई समोर भांडी बघायला यायची ती आता यायची बंद झाली, कारण त्यासाठी तिला चौकापर्यंत जाऊन वळून यायला लागतं. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत अशा बारा-पंधरा मीटरच्या रस्त्यात डिव्हायडर घालू नका. गाड्या हळू चालायला पाहिजे असतील तर लेन तीन मीटरच्या ठेवा आणि ओलांडायच्या जागी रस्ताच फुटपाथच्या लेव्हलला उचलून घ्या, गाडी आपोआप ब्रेक मारते. झालाच असेल डिव्हायडर तर निदान दर पन्नास-साठ मीटरवर माणसापुरता कापून घ्या, आम्ही दोन ठिकाणी कापून घेतला आणि आठवड्यात फरक दिसला.

गिऱ्हाईक कशानं येतंय हे न मोजता पार्किंगचं भांडण

प्रत्येक दुकानदाराला वाटतं आपलं गिऱ्हाईक गाडीनं येतंय. मलाही वाटायचं. कॅनडात टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर २००९ साली हा प्रश्न दुकानदारांनाही विचारला आणि गिऱ्हाइकांनाही, तर दुकानदारांच्या अंदाजापेक्षा गाडीनं येणारे बरेच कमी निघाले. ते वाचून मी पण वही घेऊन बसलो. बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, पावती फाडताना प्रत्येकाला एकच प्रश्न, "वैनी, कशानं आलासा?" खेड्यावरून येणाऱ्या बायकांचं उत्तर बहुतेक वेळा एकच, बसनं. अकरा जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, आणि त्याच वर्षी १७ मार्चपासून पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालंय, म्हणजे चंदगड-गडहिंग्लज भागातून येणारी बाई पण आता बसनंच निघते. लग्नाची भांडी घ्यायला चौघीजणी येतात, हातात पिशव्या, कडेवर पोर, आणि बस स्टँडपासून पेठेपर्यंत चालायला धड फुटपाथ नाही, मधे कुठं टेकायला कट्टा नाही, बाथरूमची सोय नाही. आमच्या प्लॅनमध्ये पार्किंगवर तीन बैठका झाल्या आणि स्टँडपासूनच्या या वाटेवर एकही झाली नाही. तुम्ही डिझाईन पेठेपासून सुरू करू नका, बस स्टँडच्या दारापासून करा.

पार्किंगचंही गणित करा, साधं आहे. एक कार उभी करायला अंदाजे अडीच बाय पाच मीटर जागा लागते, त्यात पाच तरी टू-व्हीलर बसतात. सकाळी दहाला लावलेली कार रात्री आठला निघाली तर त्या जागेनं दिवसभरात एकच माणूस सांभाळला, आणि तिथंच पाच टू-व्हीलर अर्ध्या-अर्ध्या तासाला बदलल्या तर दहा तासांत शंभर गिऱ्हाइकं झाली. आता ती दिवसभर उभी असलेली कार कुणाची असते? आपलीच असते हो. मी माझी गाडी आता मागच्या बोळात लावतो, सुरुवातीला जड गेलं, पण शेजारच्या सहा जणांनी पण तसंच केलं तेव्हा दुकानांपुढं जागाच जागा दिसायला लागली, एक रुपया खर्च न करता.

रस्ता वर, दुकान खाली

ही सगळ्यात महागडी चूक आणि आपल्या भागात सगळीकडं झालेली आहे. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवीन थर, मग पाच वर्षांनी आणखी एक, आणि आजोबांच्या काळात तीन पायऱ्या चढून जायचं दुकान आता रस्त्याच्या खाली गेलंय. आमच्याकडं काँक्रीट पडलं तेव्हा उंबरा रस्त्याच्या लेव्हलला आला. पहिल्याच मृग नक्षत्रात पितळेच्या समया पाण्यात. त्या दिवशी वडिलांचा चेहरा बघवत नव्हता.

त्यामुळं काम सुरू व्हायच्या आधी हे करा: गल्लीतल्या प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची उंची लेव्हल मशीननं मोजून कागदावर घ्या, सगळ्यात खालचा उंबरा कुणाचा आहे ते शोधा, आणि तयार रस्त्याची, फुटपाथची कड त्या उंबऱ्याच्या खालीच राहिली पाहिजे असं ड्रॉइंगवर लिहून सही घ्या. जुना थर खरवडून काढायचा, त्याला मिलिंग म्हणतात, ते टेंडरमध्येच असायला पाहिजे. नंतर सांगून कुणी करत नाही. रस्त्याला मधून कडेला उतार अडीच टक्क्यांच्या आसपास लागतो, म्हणजे चार मीटरला दहा सेंटिमीटर. पेव्हर बसवताना हा उतार बऱ्याचदा उलटा होतो, दुकानाकडं. बादलीभर पाणी ओतून बघा, पाणी कुठं जातंय ते लगेच कळतं, बिल पास व्हायच्या आधी बघा मात्र.

आणि पावसाचं एक. आपला जिल्हा विचित्र आहे, कणकुंबी-जांबोटीकडं धो धो कोसळतो तेव्हा अथणीकडं धूळ उडत असते. एकाच जिल्ह्याचं म्हणून एकाच मापाचं गटार सगळीकडं टाकलं तर खानापूरकडं ते तुंबणार. गटाराला पाणी आत जायची तोंडं पुरेशी आहेत का बघा, आमच्याकडं गटार मोठं बांधलं पण रस्त्यावरचं पाणी आत शिरायला भोकंच लांब लांब ठेवली, मग पाणी रस्त्यावर आणि गटार कोरडं. हे मात्र नंतरही दुरुस्त होतं, फुटपाथच्या कडेचा दगड जागोजागी कापून जाळी बसवली की झालं, आम्ही पावसाळा संपायच्या आत सात जाळ्या बसवून घेतल्या आणि तेव्हापासून दुकानात पाणी नाही.

वरचं आधी, खालचं नंतर

रस्ता झाला, फोटो झाले, आणि तीन महिन्यांनी ड्रेनेजसाठी खोदला. मग पाण्याच्या लाईनला, मग केबलवाल्यांनी. पेव्हर परत बसवले पण खालची माती दाबलीच नाही म्हणून तिथं आता नावेसारखे खड्डे. बंगळुरात टेंडरशुअर नावानं जे रस्ते झाले त्यात ड्रेनेज, पाणी, वीज, केबल हे सगळं आधी फुटपाथखाली ठरलेल्या जागी घेतलं आणि वर उघडायला चेंबर ठेवले, त्यामुळं केबल टाकायला रस्ता फोडायची गरज राहत नाही. एवढं आपल्याला परवडणार नसेल तर निदान रस्त्याच्या आडवे रिकामे पाईप टाकून ठेवा, स्वस्त असतात. वीजतारा खाली घ्यायची संधी असेल तर सोडू नका, दर वर्षी गणपती आणताना आणि शिवजयंतीच्या चित्ररथांना काठीनं तारा उचलत जायला लागतं ते थांबेल. मंडपाच्या खांबांसाठी पण भोकं कायमची ठेवून झाकणं लावा, नाहीतर पहिल्याच चतुर्थीला पेव्हर उखडले जाणार.

भाजीवाल्या मावशींना हलवणं

बुट्ट्या घेऊन बसणाऱ्या बायकांना उठवलं की रस्ता स्वच्छ दिसतो, पटतं. पण बाई रोज भांडी घ्यायला येत नाही, भाजीला रोज येते, आणि येता येता कधी कुकरची रिंग, कधी पोळपाट घेऊन जाते. आमच्या भाजीवाल्या गावाबाहेरच्या नवीन कट्ट्यांवर पाठवल्या तेव्हा संध्याकाळची पेठ रिकामी झाली, सहाला काळोख असल्यासारखं वाटायचं. कट्टेही रिकामेच राहिले.

कायदाही आहे, २०१४ चा पथविक्रेता कायदा. सर्व्हे होऊन विक्रेत्यांना सर्टिफिकेट मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, हलवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि विक्रेत्यांनी कुठं बसायचं हे बघणाऱ्या गावच्या विक्री समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या असतात. नोटीस कन्नड आणि मराठी दोन्हीत द्यायला सांगा, आमच्या मावशींपैकी कुणाला कन्नड येतं, कुणाला फक्त मराठी. जागा आखताना झाडं, दिव्याचे खांब, बाक ज्या पट्ट्यात येतात त्याच पट्ट्यात त्यांना बसवा, मग चालायची वाट मोकळी राहते. पेठेत ही मोकळी वाट अडीच मीटर तरी हवी असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या पादचारी नियमांत आहे, साध्या वस्तीत १.८ मीटर चालते.

फूटभर उंच फुटपाथ

सहा इंचापेक्षा उंच नको, बस. नऊवारीतली म्हातारी चढू शकत नाही, ती रस्त्यावरूनच चालते आणि मग लोक म्हणतात फुटपाथ कुणी वापरत नाही. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी फुटपाथ खाली उतरून परत वर चढत असेल तर कोण चालणार त्याच्यावर? बोळापाशी फुटपाथ सरळ न्या, गाडीला चढू-उतरू दे. झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडवू नका, मीटरभर माती मोकळी ठेवा.

गाड्या एकदम बंद करणं

सध्या हे फॅड आहे. अमेरिकेत कलामाझू गावानं १९५९ मध्ये आपली मेन पेठ फक्त चालणाऱ्यांसाठी केली, बऱ्याच गावांनी नक्कल केली, आणि १९९८ मध्ये कलामाझूनंच तिथं परत गाड्या सोडल्या. फ्रेस्नोची १९६४ ची अशीच पेठ २०१७ ला परत गाड्यांसाठी उघडली. नुसत्या गाड्या काढल्या म्हणून माणसं येत नाहीत, आसपास वस्ती पाहिजे, बस जवळ पाहिजे, संध्याकाळी काहीतरी चालू पाहिजे. दिल्लीत चांदनी चौकात सप्टेंबर २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्या बंद असतात, पण तिथं मेट्रो आहे आणि मुळातच माणसांचा पूर आहे. तालुक्याच्या गावी आधी फक्त बाजाराच्या दिवशी चार तास दोरी बांधून बघा. न्यूयॉर्कनं टाइम्स स्क्वेअरला २००९ मध्ये आधी रंग आणि घडीच्या खुर्च्यांवरच भागवलं, पक्कं बांधकाम नंतर केलं. ड्रम, दोरी, चुन्याची रेघ, एवढ्यात आपलंही कळतं. आमच्या टेम्पोला माल उतरवायला सकाळी दहाच्या आतली वेळ ठेवा, हमालांना विचारून ठेवा.

कामाची वेळ

मार्च एंडला ऑर्डर निघते आणि एप्रिल-मे भर लग्नसराईत खोदतात, जूनमध्ये पाऊस आला की तसंच टाकून जातात. आमचं हेच झालं. मोठी खोदाई दिवाळी झाल्या झाल्या सुरू करा आणि पेठेचा सगळ्यात गजबजलेला तुकडा पौषात घ्या, पौषात लग्नं नसतात, तसाही धंदा मंद असतो. सगळी गल्ली एकदम उखडू देऊ नका, शंभर मीटर पूर्ण झाल्याशिवाय पुढचे शंभर नाहीत असं करारात लिहून घ्या. प्रत्येक दुकानापुढं मजबूत फळीची वाट ठेवायची जबाबदारी कंत्राटदाराची, ते पण लिहून. जे भाड्याच्या दुकानात आहेत त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी मालकाशी पुढच्या काही वर्षांचं भाडं ठरवून घ्यावं, आमच्या गल्लीतला घड्याळं दुरुस्त करणारा एकजण रस्ता छान झाल्यावर वाढलेल्या भाड्यामुळंच गेला, आणि त्याच्याकडं तीन तालुक्यांतून माणसं यायची.

काम होऊन गेलंय आणि त्रास चालू आहे, आता?

फुटपाथवर टू-व्हीलर चढतात: खांब रोवून चारचाकी थांबते, टू-व्हीलर थांबत नाही, कारण चाकाची खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकल पण जाते. तिला रस्त्याच्या कडेला पट्टे मारून जागा द्या, मगच ती खाली राहते.

पेव्हर खचलेत: वरून सिमेंट ओतू नका, तेवढा तुकडा उचला, खालचं थराथरानं दाबून घ्या, तेच पेव्हर परत बसवा. गाड्या जात असतील तिथं ८० मिलिमीटरचे लागतात, ६० चे फक्त चालायला.

संध्याकाळी पेठ अंधारी वाटते: उंच खांबांचा उजेड रस्त्यावर पडतो, फुटपाथवर नाही. दुकानांनी शटर बंद केल्यावरही पाटीचा दिवा दहापर्यंत चालू ठेवावा, आम्ही अकरा दुकानांनी ठरवून केलंय.

आणि गटाराच्या जाळ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोण साफ करणार याची नावं आमच्याकडं आता दुकानांप्रमाणे वाटलेली आहेत, दोन-दोन दुकानांना एक जाळी, यादी माझ्या काउंटरमागं चिकटवलेली आहे.