कोमातल्या माणसाशी बोलायचं कसं

हात धुणं, पास दाखवणं, चपला बाहेर काढणं हे सांगत बसत नाही. आत गेल्यावर सिस्टरला आधी विचारा, गुंगीचं औषध चालू आहे का? चालू असेल तर ‘आज हललेच नाहीत’ म्हणून रडू नका.

उशाशी जा, हाक मारा, खांद्याला हात लावा. “अण्णा, मी शोभा. आज मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजलेत. तुम्ही दवाखान्यात आहात, घशात नळी आहे म्हणून बोलता येत नाहीये.” हे रोज नव्याने. अंग पुसायचं, नखं कापायची, तेही आधी सांगून.

पुढे बोलायचं काय, ही खरी अडचण. १९ वर्षं मी आयसीयूत सिस्टर होते, नातेवाइकांना “बोला हो त्यांच्याशी” म्हणत आले. माझाच दादा स्कूटरवरून पडून खाटेवर आला तेव्हा मात्र माझी दातखीळ बसली. मग मी त्याची परीक्षा घ्यायला लागले. “ओळखलंस का? डोळे उघड. हात दाब.” पंधरा मिनिटांत वीसदा! असं करू नका. विचारू नका, सांगा. आणि सांगायचं ते दोघांनी मिळून जगलेलं. मी दादाला आमच्या विहिरीवरच्या मोटरचं भांडण सांगायचे: फ्यूज कुणी काढला, काका काठी घेऊन कसे धावले, आई कुणावर ओरडली. अमेरिकेत घरच्यांच्या आवाजात अशाच आठवणी रेकॉर्ड करून रुग्णांना ऐकवल्या होत्या, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चारदा. तेवढंच पुरे. दिवसभर कानाशी मोबाइलवर भजनं लावून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. मेंदूला शांतताही लागते.

पाचव्या दिवशी दादाने माझं बोट घट्ट धरलं. मी बाहेर धावत येऊन सगळ्यांना फोन केले, आईने देवापुढे साखर ठेवली. मला तर कळायला हवं होतं! तळहाताला बोट लागलं की मूठ आपोआप वळू शकते, तान्ह्या बाळाची वळते तशी. म्हणून ‘धर’ म्हणू नका, ‘सोड’ म्हणा. एकदाच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. सांगितल्यावर सोडलं, आणि पुन्हा पुन्हा सोडलं, तर वहीत वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा.

उलटही लक्षात असू द्या. सांगितलेलं करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६० जणांचे मेंदू तपासणीत सूचनेप्रमाणे काम करताना दिसले. तेव्हा बिल, वाटण्या आणि ‘आता काही राम नाही’ हे सगळं लिफ्टपाशी जाऊन बोला.

तोंडात तीर्थ, मध, पाणी, काहीही घालायचं नाही. थेंबसुद्धा नाही. श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. अंगारा लावायचाच तर सिस्टरला विचारून कपाळाला.

रुग्ण किती शुद्धीत आहे याचा स्कोर (ग्लासगो कोमा स्केल) विचाराल तर नुसती बेरीज ऐकून परतू नका. डोळे, बोलणं, हालचाल यांचे आकडे वेगवेगळे विचारा. कमीत कमी बेरीज ३ असते, शून्य नाही. आणि घशात नळी असलेल्याचं बोलणं तपासताच येत नाही.

कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे जात नाही, पण मालिकांत दाखवतात तसं डोळे उघडून कुणी लगेच नाव घेत नाही. डोळे उघडतात आणि नजर छताला लागलेली असते. अशा वेळी छोटा आरसा चेहऱ्यासमोर धरून हळूहळू बाजूला न्या. नजर मागे येते का बघा. दादाची पहिल्यांदा वळली ती वहिनीच्या पर्समधल्या आरशामागे, स्वतःच्या वाढलेल्या दाढीकडे. दुसऱ्या दिवशी दाढी केली. त्याला सांगून.