रात्री दीडचा गजर: पिल्लाच्या शू-शीची आणि क्रेटची तयारी

कुत्र्याचं पिल्लू रात्री किती वेळा उठवणार, हे बरंचसं संध्याकाळी सातलाच ठरलेलं असतं. इथे दिलेल्या वेळा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, आठ ते दहा आठवड्यांच्या पिल्लासाठी आहेत. त्याहून लहान पिल्लू कुणी विकत असेल तर घेऊ नका. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि त्या वयात शू रोखून धरण्याची ताकदही नसते.

क्रेट, म्हणजे पिल्लाच्या झोपण्याचा जाळीचा, दार असलेला पिंजरा, पिल्लू यायच्या आधीच उभा करून ठेवा. पिल्लाला आत ताठ उभं राहता यावं, गोल फिरता यावं आणि पाय पसरून झोपता यावं, एवढीच जागा हवी. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वर चार-पाच इंच, हे माप पुरतं. पूर्ण वाढलेल्या लॅब्राडोरला साधारण 42 इंची क्रेट लागतो आणि बीगलला 30 इंची. दर तीन महिन्यांनी नवा क्रेट घ्यायचा नसेल, तर मोठाच घ्या, पण मध्ये सरकवता येणारी जाळी असलेला. जाळी न लावता मोठा क्रेट दिला की पिल्लू त्याची सरळ वाटणी करतं: एक कोपरा झोपायचा, दुसरा मोरीचा.

आत गुबगुबीत गादी किंवा गोधडी घालू नका. ती ओल शोषून घेते, वरून कोरडी लागते, आणि तिथे शू करायला पिल्लाला काहीच वावगं वाटत नाही. जुनी सुती चादर दुहेरी घडी करून पसरा आणि तशीच दुसरी हाताशी ठेवा. चादरीवरच शू होत राहिली तर चार-पाच दिवस क्रेटच्या तळाचा नुसता ट्रे राहू द्या. क्रेटखाली सतरंजी घाला, नाहीतर पिल्लानं कूस बदलली की ट्रे खडखडतो आणि दोघांचीही झोप मोडते. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढाच, तो जाळीत अडकून फास बसू शकतो. पहिले काही आठवडे क्रेट तुमच्या पलंगाशेजारी हवा, म्हणजे हात खाली सोडला की बोटं जाळीला लागतील. तीन बाजूंनी सुती कापड टाकलं तर चालतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तेही नको. पंख्याचा वारा लागू द्या, एसीचा झोत थेट नको.

घरातली मोठी माणसं विचारणारच, ‘बिचाऱ्याला पिंजऱ्यात कशाला कोंडता?’ पहिल्याच रात्री दार लावून दिवा मालवलात तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल. दिवसाची सगळी जेवणं उघड्या क्रेटमध्ये द्या. मग खाताना दार लोटा, खाऊन झालं की लगेच उघडा. पुढे एक मिनिट, पाच, दहा, वीस असं वाढवा, आणि ते शांत असतानाच दार उघडा. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये एकदा जरी ढकललंत तरी ही मेहनत वाया जाते.

आता संध्याकाळ. शेवटचं जेवण साडेसहा-सातला. भिजवलेलं कोरडं खाणं देत असाल तर त्यात मुरलेलं पाणीही पोटात जातं, हे धरून चला. झोपताना दूध-पोळी देण्याची आपल्याकडची सवय मात्र बंद करा. पुष्कळ पिल्लांना दूध पचत नाही, आणि पहाटे तीनची पातळ शी बहुतेकदा त्या वाटीतूनच आलेली असते. पाण्याचं भांडं नऊला उचला. उन्हाळ्यात त्यानंतरही दोन घोट द्या, आणि दिवसा पाणी कधीच तोडू नका. नऊच्या सुमारास पिल्लू घरभर सुसाट धावत सुटतं. ते शमलं की शू ठरलेली, म्हणून लगेच उचला. शेवटची फेरी साडेदहाला.

न्यायचं कुठे, हा खरा प्रश्न. लसींचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात, आणि पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा, विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर सोसायटीच्या आवारात, जिथे इतर कुत्री फिरतात, तिथे पिल्लाचे पाय टेकवू नका. बंद गच्ची मिळत असेल तर किल्ली आधीच मागून ठेवा, नाहीतर बाल्कनीत दोन बाय तीन फुटांचा, उथळ कडांचा ट्रे आणि त्यात वर्तमानपत्राचे थर. बदलताना शू लागलेला एक कागद खालच्या थरात राहू द्या, वासानं जागा कळते. पावसात पंजे भिजवायला नकार देणारी पिल्लं खूप असतात, त्यांना हा ट्रे पुढेही कामाला येतो.

दाराशी एका खुंटीवर लीश (पिल्लाला धरायची दोरी), पिशव्या, छोटी बॅटरी, खाऊची डबी आणि लॅचची किल्ली. किल्ली विसरलात तर पहाटे दीडला पिल्लासकट जिन्यात बसाल. क्रेटपासून जागेपर्यंत पिल्लाला उचलूनच न्या. चालत नेलं तर दार उघडेपर्यंत पायपुसण्यावर काम झालेलं असतं, लिफ्टपर्यंत पोचलात तर लिफ्टमध्ये.

गजर दीडचा आणि साडेचारचा लावा. पिल्लू रडायच्या आधी तुम्ही उठायचं, म्हणजे ‘रडलं की दार उघडतं’ हा धडा त्याला मिळत नाही. ट्यूबलाइट लावू नका, लाड नकोत, बोलणं नको. लीश लावा, एका जागी उभे राहा, ‘शू कर’ एकदाच म्हणा. झाल्यावर दोन-तीन सेकंदांत तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर तो त्याला आत येण्याबद्दलचा वाटतो. आणखी मिनिटभर थांबा, कारण पिल्लं बऱ्याचदा दोन टप्प्यांत उरकतात. पाच मिनिटांत काहीच नाही झालं तर परत क्रेटमध्ये, आणि दहा मिनिटांनी पुन्हा. सलग तीन रात्री कोरड्या गेल्या की दोन्ही गजर पंधरा मिनिटांनी पुढे सरकवा. पहिला तीनच्या आसपास आला की दुसरा बंद. चार महिन्यांची बरीच पिल्लं सहा-सात तास काढतात, लहान जातींना थोडा जास्त काळ लागतो.

दिवा मालवल्यावरची कुरकुर दहा-पंधरा मिनिटांत उतरत जाते, तिकडे लक्ष देऊ नका. गाढ झोपेतून उठून येरझाऱ्या आणि ट्रे खरवडणं सुरू झालं तर ती हाक खरी आहे. कळत नसेल तर बाहेर न्या, पण तितक्याच रुक्षपणे.

चुकून घरात झालंच तर ओरडू नका, नाक घासू नका. कागद दाबून टिपा, शूचा वास मुळापासून घालवणारं एन्झाइमवालं क्लीनर ओतून पंधरा मिनिटं राहू द्या. फिनाइल नको. आपल्या नाकाला त्याचाच वास येतो, पिल्लाला खालचा येतच राहतो, आणि पंजे चाटले की ते पोटात जातं.

अरुंद पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत राहिलेल्या पिल्लावर हे वेळापत्रक लवकर चालत नाही. त्याला सुरुवातीला दर दोन तासांनी उठवावं लागतं. आणि दोन आठवडे कोरडं राहिलेलं पिल्लू अचानक थेंब-थेंब, वारंवार शू करू लागलं, तर दोष वळणाचा नाही, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. डॉक्टर लघवी तपासायला सांगतील. सकाळच्या पहिल्या फेरीला स्वच्छ, कोरडी, उथळ ताटली घ्या, पिल्लू बसून धार सुरू झाल्यावर मागून अलगद सरकवा, लघवी स्वच्छ बाटलीत ओता, आणि तासाभरात लॅबला पोचवा. उशीर होणार असेल तर बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, नाव लिहून.