हृदयप्रत्यारोपणानंतर आतडं कसं सांभाळावं

नवं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायचं टॅक्रोलिमस आतड्यातूनच रक्तात जातं, आणि त्याचा काही भाग आतड्याच्या भिंतीतच निकामी होतो. फेकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा आतड्यातला एरवी उपकारी जिवाणूसुद्धा या औषधाचं कमी प्रभावी रूप करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्यामुळे पोटात अचानक काही बदललं की रक्तातली पातळीही हलू शकते.

आधी वेळ बांधून घ्या. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असेल तर दोन डोसांत 12 तास ठेवा; जेवणाआधी की नंतर, जे ठरलं असेल ते रोज तसंच. रक्तातली पातळी तपासायची त्या सकाळी गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतली तर आकडा खोटा वाढलेला येतो.

इंदूरला नळाला येणारं नर्मदेचं पाणी खळखळून उकळायला लागल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या आणि झाकून गार करा. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, इंदूरच्या मे महिन्यात एका तासात. पोह्यांवरचा कच्चा कांदा आणि कोथिंबीर पहिले काही महिने नको. कोथिंबीर शिजतानाच घाला. सराफ्यातला, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, गराडू (तळलेला कंद) गरम तेलातून निघतो, खरा धोका त्यासोबतच्या चटणीचा आणि पाण्याचा. भुट्ट्याचा कीस घरीच करा, गरमगरम वाढा. पपनस, म्हणजे इकडचा चकोतरा, पूर्ण बंद: त्याने टॅक्रोलिमसची पातळी वाढते.

चांगल्या जिवाणूंना तंतू लागतात. त्यांपासून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराला त्याचंच पोषण मिळतं. ज्वारीची भाकरी, मूगडाळ, शिजवलेला दुधी, सोललेली फळं यांतलं आठवड्याला एकच नवीन वाढवा. एकदम वाढवलं तर पोट फुगतं. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना त्यातले जिवंत जिवाणू क्वचित रक्तात उतरतात. घरच्या विरजणाचं दहीही विचारूनच सुरू करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते जुलाबात. औषध वाहून गेलं असेल असं वाटून घरचे जास्तीची गोळी देतात. प्रत्यक्षात जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी बहुधा वाढते, कारण औषध अडवणारी आतड्याची भिंतच दुबळी झालेली असते. वाढलेलं टॅक्रोलिमस मूत्रपिंडांना बाधतं, त्यात शरीर कोरडं पडलं की त्यांच्यावर दुहेरी मार बसतो. म्हणून डोस स्वतः वाढवू नका, थांबवूही नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करून पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा. पोटॅशियम आधीच जास्त असेल तर किती द्यायचं ते विचारा, नारळपाणी तर नकोच. जुलाब थांबवायची गोळी दुकानातून आणू नका. जुलाबाचं कारण मायकोफेनोलेट हे प्रत्यारोपणानंतरचं दुसरं औषध असू शकतं, सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग असू शकतो किंवा अँटिबायोटिकनंतर माजलेला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू, आणि तिन्हींचा उपचार वेगळा.

साध्या खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी टॅक्रोलिमसचं नाव आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने त्याची पातळी चढते, रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाने घसरते.