शास्त्रीय गळा आणि जत्रेचा फड

मिरजेत विशारद झालेला गायक जत्रेत पोवाड्याला उभा राहिला, की आधी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, नडते. क्लासात गळा पेटीच्या काळी एकला बसलेला; शाहिरी बहुतेकदा काळी तीन-चारला, खड्या आवाजात चालते. एका दमात तिथं पोचायला गेलं तर घसा बसतो. एकेक सूर वाढवा, त्या पट्टीत अख्खा कटाव, म्हणजे पोवाड्यातला जलद म्हणायचा भाग, सहज म्हणता आला की मगच पुढचा. कार्यक्रमाच्या रात्री घसा धरला, तर पेटीवाल्याला बिनदिक्कत सूर उतरवायला सांगा. वरचा सूर गाठायला दाबून काढलेला चोरटा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातच नाही.

दुसरी खोड तानेची. ओळ संपली की हात आपोआप उठतो आणि तान निघते. पण ती जागा झीलकऱ्यांची, म्हणजे मागून साथ धरणाऱ्यांची, असते. तिथं 'जी जी रं जी' पडायचं असतं; तान घेतली की ते अर्धवट अडकतात, डफवाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत बसतो आणि कथा तुटते. हरकत घ्यायचीच तर ओळीच्या पोटात, एका शब्दापुरती. सराव गाऊन करू नका, आधी नुसतं म्हणा: पाच मीटरवरच्या माणसाला प्रत्येक व्यंजन कळलं पाहिजे. 'आ' लावून गायच्या सवयीनं शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि पोवाड्यात तर सगळा जीव शब्दांत.

तबलजींचं वेगळं. तबल्यावर केरवा-दादरा हे ताल येतात म्हणून ढोलकी येते, असं नाही. लावणीत डोळे नाचणारीच्या पायांवर हवेत. तिनं पायांचा तोडा, म्हणजे बोलांचा तुकडा, उचलला की तो त्याच वजनानं भरायचा. बोटं स्वच्छ असतात, पण उभं राहून वाजवायची सवय नसते. घरीही उभं राहूनच रियाज करा.

तंबोरा लावणाऱ्याला तुणतुणं पोरखेळ वाटतं. उघड्यावर दव पडलं की त्याचं कातडं सैल पडतं, सूर उतरतो. दर दोन-तीन गाण्यांनी खुंटी पिळावी लागते. हलगी तर शेकूनच घ्यायची.

शिकायला पावसाळ्यात जा. तमाशाचे फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात, त्याआधी माणसं गावात सापडतात. तमासगीर काळू-बाळूंचं कवलापूर सांगलीच्या जवळच आहे. गोंधळ मात्र कुळाचार आहे. गोंधळ्यांना विचारल्याशिवाय त्यातलं काही मंचावर आणू नका, आणि सोबत बसवलंत तर मानधन तुमच्याइतकंच ठरवा, तेही आधी.